डुकरिणीची तहान

आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसवूच नका. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच गाडीत घडलं, तरी माझा स्वतःचा अजून बसत नाही, तिथे तुमचं काय घेऊन बसलात!

"याने अशी सुरुवात केली की समजायचं," भाची रंगाचा ब्रश पाण्यात खळबळवत म्हणाली, "पुढे शुद्ध थाप."

तिच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून फलक रंगवणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मंडळी फलक आणि जनावरांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन कत्तलखान्याच्या फाटकावर उभी राहणार होती. त्यातली बेकरीवाली मुरलेली. बिनअंड्याचा केक तोंडात विरघळला की मगच सांगते, यात अंडं नाही. दातांचे डॉक्टर मात्र कोरे करकरीत. त्यांची ही पहिलीच वेळ. आदल्याच महिन्यात दूध सोडलं होतं आणि भेटेल त्याला ते सांगून झालं होतं. मांडी घालून फलकावर 'करुणा' लिहीत होते, तर 'क' एवढा दांडगा काढला की 'णा'ला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं.

"मामा, तुम्ही सांगा हो," डॉक्टर म्हणाले. "उद्या तिथे जाऊन मी नेमकं करायचं काय? नुसतं उभं राहून काय होणार?"

प्रश्न विचारावा तर असा. मी ओटच्या दुधाची कॉफी बाजूला सारली. ती पितो मी, भाचीच्या धाकाने, पण गोष्ट सांगताना तोंडाची चव बिघडायला नको. मग बैठक मारली.

तेव्हा मी जनावरांची गाडी चालवायचो आणि ही भाची नुकतीच कॉलेजातून सुटलेली. माझ्याकडे जेवायला यायची आणि माझ्या ताटातल्या ऑम्लेटकडे असं बघायची, जणू मी ते कोंबडीच्या हातून हिसकावून आणलंय. मी म्हणायचो, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. उतरतंय कुठलं! एक दिवस कत्तलखान्याच्या फाटकावर गाडी वळवतो, तर ही बाई रस्त्यात आडवी. मी हॉर्न मारला. हलेना. खिडकीतून ओरडलो, "अगं ऊठ, तुझी आई मला दारात उभं करायची नाही!" तर पडल्या पडल्या म्हणते कशी, "मग नको जाऊस तिच्या दारात."

"हे मात्र खरं आहे," भाची म्हणाली.

बघा, साक्षीदार पण आहे.

रोज कुणी ना कुणी आडवं पडायला लागलं, तसा मुकादम टेकीला आला. मुकादम म्हणजे फाटकाशेजारच्या चौकीत बसून आत येणारी गाडी वजनकाट्यावर घेणारा माणूस. अंगाने असा, की खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी मनाची तयारी लागायची. तो यांना म्हणाला, "बायांनो, बाबांनो, आडवं पडणं बंद करा. त्याबदल्यात प्रत्येक गाडी फाटकाबाहेर थांबेल. तुम्ही जनावरांना पाणी पाजा, हात फिरवा, रडायचं ते रडा. त्यांचं पिऊन झालं की गाडी आत. तोवर चाक हलणार नाही, माझा शब्द." त्याने मनात हिशोब केला असणार, जनावर पिऊन पिऊन पिणार किती!

आणि तिथेच फसला बिचारा.

कारण त्या दिवशी माझ्या गाडीत एकच डुकरीण होती. म्हातारी. सगळा जन्म पिल्लं देण्यात गेलेला. तोही अशा पिंजऱ्यात, जिथे उठता येतं, बसता येतं, पण मागे वळून आपल्याच पिल्लाकडे बघता येत नाही. पिल्लं व्हायची थांबली, तशी मालकाने काढली. मी तिला गाडीत चढवतोय तोवर तिच्या पिंजऱ्यात दुसरी उभीसुद्धा केली होती. मला त्याचं काही नाही हं. मी ड्रायव्हर माणूस, माझं लक्ष रस्त्यावर. मागच्या आरशात ती दिसायची, पण आरसा काय मी तिला बघायला लावला होता?

"मग?" डॉक्टरांचा ब्रश हवेत थांबला होता. रंग त्यांच्या गुडघ्यावर ठिबकत होता.

मग काय, फाटकाबाहेर गाडी लावली. मुकादमाची चौकी गाडीच्या एका अंगाला, ही पोरगी बादली घेऊन दुसऱ्या अंगाला. कत्तलखान्याचा संध्याकाळचा भोंगा व्हायला थोडाच वेळ उरला होता. भोंगा झाला की आत धुणं सुरू होतं, मग कुणाला घेत नाहीत. तोवर आत गेली तर गेली, नाहीतर वाचली. हिने बादली पुढे केली. डुकरिणीने नाक घातलं आणि सुर्रकन बादली कोरडी!

"अख्खी?" बेकरीवाली म्हणाली.

अख्खी. दुसरी आणली. कोरडी. तिसरी आणली, तिच्या तर कडीचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. मुकादम चौकीतून बघतोय, रिकाम्या बादल्या जातायत, भरलेल्या येतायत. शब्द दिलेला, बोलतो काय! समोरच्या गॅरेजवाल्याचा नळ आटला. मग शेजारच्या लॉन्ड्रीतून पाणी आणलं, त्याला साबणाचा वास. डुकरीणबाईंनी तेही घेतलं आणि ढेकर दिला, तर तोंडातून बुडबुडे निघाले. रस्त्यावरची माणसं बुडबुडे बघायला थांबली. एक आगीचा बंब चालला होता, त्यातल्या जवानांना दया आली, त्यांनी नळी सोडली. तीही गिळली! बंबवाले म्हणाले, "एवढ्यात तर आम्ही गोदाम विझवतो."

"मामा," भाची म्हणाली.

थांब गं, मधे बोलू नकोस. तर भोंगा झाला. मुकादम शेवटी एकदाचा उठला, पण करतो काय? तरी इरेला पेटून म्हणाला, "निदान वजन तरी बघू दे." गाडी काट्यावर घेतली. काटा जो फिरला तो पंख्यासारखा फिरतच राहिला, मुकादमाच्या टेबलावरचे कागद उडाले. कपाळाला हात लावून तो म्हणाला, "अरे, हे डुक्कर नाही, तलाव आहे! आत कापलं तर सगळे वाहून जाऊ. घेऊन जा!" मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, इकडे आणू नकोस, जागा भरली. मग हिच्या मैत्रिणीच्या, सोडवलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात नेऊन सोडली. तिथे पहिल्या दिवशी ती नुसती गोल गोल वळत होती, या बाजूला, त्या बाजूला. वळता येतंय हेच तिला खरं वाटेना. नंतर अंगणातला चिखल पटला आणि बाई राज्य करायला लागल्या.

मग दातांचे डॉक्टर ताडकन उठले. 'करुणा' त्यांच्या पँटला चिकटून वर आली.

"म्हणजे सगळा खेळ पाण्याचा आहे!" ते म्हणाले. "बाटल्याबिटल्या काय घेऊन जाताय? माझ्या दवाखान्याच्या गच्चीवर मोठं पिंप आहे, मी टेम्पोत घालून आणतो. तोंडात पाणी सोडायची माझी मशीनसुद्धा आणतो. भोंगा होईपर्यंत पाजत राहायचं!"

"माझ्याकडे पीठ मळायची पातेली आहेत," बेकरीवाली म्हणाली. "मोठी आहेत चांगली."

"उत्तम! आणि कुणी प्यायला तयार नसेल तर पाण्यात गूळ घालू!"

मी मान डोलावत होतो. असा श्रोता मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. मी म्हणणारच होतो की गुळापेक्षा मीठ घाला, तहान वाढते, तेवढ्यात भाचीने ब्रश खाली ठेवला.

"डॉक्टर, बसा. पिंप आणू नका, काही आणू नका. उद्या ते पिंप घेऊन उभे राहाल, जनावर तोंड लावणार नाही, आणि तुम्ही घरी जाऊन रडत बसाल. मी बसले होते तशी. भेदरलेलं जनावर पाणी पीत नाही हो."

"पण ती डुकरीण..."

"मामा, यांना खरं सांगतोस की मी सांगू?"

मी कॉफी जवळ ओढली आणि घोट घेतला. घोट लांबवला.

"उद्या गाडी थांबली की पाण्याआधी ड्रायव्हरच्या खिडकीशी जा," भाची डॉक्टरांना म्हणाली. "त्याच्याशी बोला. त्याचं नाव विचारा, घरचं विचारा. कारण त्या दिवशी ना बंब आला, ना काटा फिरला. ती डुकरीण गाडीच्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती, एक थेंब प्यायली नाही. बादल्या मी गटारात ओतत होते. हा मामा आरशातून डोळे वटारून मला ओतायला लावत होता, आणि मुकादमाने 'झालं का?' विचारलं की खिडकीतून मुंडकं काढून चौकीकडे ओरडत होता, 'पितेय हो, पितेय अजून!' खोटारडा!"