कुबराचा मोरपंखी गाऊन

अरे ऐका ना, तिकडे सौदीत दम्मामला हा सिराजुद्दीन, आपल्या हर्णैचा, बायकांचे गाऊन शिवतो. कसले एकेक भारी गाऊन! पण त्यातला एकही त्याने कधी कुणाच्या अंगावर बघितलेला नाही. म्हणजे कसं, त्याच्या दुकानात बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धतच नाही. बाई आपला नीट बसणारा जुना ड्रेस ड्रायव्हरच्या हाती पाठवते, हा त्यावरून माप घेऊन शिवतो, ड्रायव्हर घेऊन जातो, खलास! आणि लग्नात बायकांच्या हॉलच्या दारातच फोन काढून घेतात, मग फोटो तरी कुठून येणार?

तर एकदा एका गिऱ्हाइकाने नमुना म्हणून स्केच पाठवलं. पॅरिसच्या कुणा डिझायनरने सत्तर वर्षांपूर्वी काढलेलं. तीन बायका, लांबच लांब माना, मुठीत मावेल एवढी कंबर, आणि घेर असा की बाई आत्ताच गर्रकन वळून थांबलीय. सिराजुद्दीन बघतच बसला. हँगरवरचं कापड नव्हे हो, अंगावर चढलेलं कापड! चालताना चुणी कुठे पडते, कोपरापाशी कसं ओढतं, सगळं दोन रेघांत.

"काय रे, तिघींशी निकाह लावतोस काय?" शेजारच्या मशीनवरून इमादने हाणलं.

"गप रे. ही मधली बघ. कुबरासारखी उभी आहे की नाही?"

"भाभी अशी उभी राहिली तर भाकऱ्या कोण थापणार?"

सगळे हसले, हाही हसला. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. गिऱ्हाइकाचा गाऊन गेला आणि याने मोरपंखी सॅटिन आणलं. अगदी तसाच गाऊन बायकोसाठी, कुबरासाठी शिवायचा आणि तिच्या अंगावर एकदा डोळे भरून बघायचा. बस, एवढंच हवं होतं त्याला! जुम्म्याच्या सुट्टीला खोलीतले बाकीचे समुद्रावर जायचे, हा दुकानाचं शटर अर्धं ओढून एकटाच शिवत बसायचा. माप? कुबराचा एक पिवळा कुर्ता होता ना त्याच्याकडे, कायम उशाखाली. त्यावरूनच कापलं.

इमाद सुट्टीवर गावी निघाला, त्याच्याबरोबर गाऊन पाठवला. मग व्हिडिओ कॉल. लेकीने, सानियाने, फोन धरला आणि कुबरा समोर आली. बापरे, काय दिसत होती! खांद्यावरून सॅटिन तसंच उतरलेलं, घेर तसाच. याने फोन अगदी डोळ्यांजवळ नेला.

"कसं आहे?"

"माशाल्ला. जरा चाल ना."

ती दोन पावलं पुढे आली.

"आता वळ."

"नको."

"अगं, पाठ बघू दे."

"पाठीचं काय बघायचं? पुढून बघितलंत ना?"

सानिया खुसखुसली. "अब्बा, चेन लागतच नाही! अम्मीने आत मॅक्सी घातलीय."

"सानिया!"

पण कार्टी फोन घेऊन मागे पोचलीसुद्धा. वीतभर फट, आत फुलाफुलांची मॅक्सी.

"असं कसं?" सिराजुद्दीन म्हणाला. "तुझ्याच कुर्त्यावरून माप घेतलं. तो पिवळा."

कुबराने मान खाली घालून गाऊनकडे बघितलं. "तो? तो सानिया व्हायच्या आधीचा आहे हो."

चार वर्षं झाली होती त्याला घरी जाऊन. फोनवर दिसायचा तो नुसता चेहरा, आणि चेहरा तर तोच होता ना! बाकीची कुबरा याच्या डोक्यात त्या कुर्त्याएवढीच राहिली होती.

"थांब, दुसरा शिवतो. सानिया, टेप आण, अम्मीचं माप सांग."

"टेप नको," कुबरा म्हणाली. "मला काय गिऱ्हाईक समजलात? या आणि घ्या माप."

"येतो ना. ईदनंतर."

"कुठल्या ईदनंतर?"

सानियाचा हात दुखला असावा, फोन खाली झुकला. पडद्यावर नुसता मोरपंखी घेर. हलत नव्हता. सिराजुद्दीनने फोन ठेवला नाही, आणि कुबरानेही ठेवायला लावला नाही.