आधी कोंबडीला दाणा

मी कोंबडी बोलतेय. तांबडी, गावरान, साक्रीच्या पलीकडच्या एका डोंगराळ खेड्यातली. कोंबडी ओरडली की अंडं घातलं, एवढंच माणसांना ठाऊक. ती वैतागूनही ओरडते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझा जन्म भागाबाईच्या गोठ्यात, भुशाच्या पाटीत झाला. अंड्यात असताना मला बाहेरून कोणी घास भरवला नाही. माझी चोच, हाडं, पिसं, सगळं आईनं आधी खाऊन अंड्यात भरून ठेवलं होतं, त्यातूनच झालं. माणसाचं पोर तर नऊ महिने आईच्या पोटात राहून रोज तिच्याच ताटातलं जेवतं. तरी त्या ताटात काय पडतंय हे कोणी बघत नाही. काय म्हणावं याला!

भागाबाई घरातली मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा ज्ञानेश्वर, सून रूपा. रूपा भडगावकडची, गिरणेच्या काठची. लग्न होऊन आली तेव्हा चांगली भरलेली होती.

मी अंडी घालू लागले त्याच सुमाराला तिला पहिल्यांदा दिवस गेले. दिवसभर ती कांद्याच्या वावरात असायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मागून जेवायची. टोपल्यातली शेवटची भाकरी, कधी तीही अर्धी, आणि भाजीच्या तळाचं पाणी. अंडं ज्ञानेश्वरला. पाहुणा आला तर पाहुण्याला. मी घालायचं, रूपानं उचलून आणायचं, आणि खायचं तिसऱ्यानंच!

"अंडं गरम ऱ्हास," भागाबाई म्हणायची. "नि जास्त खादं ते पोर मोठं व्हई जाई. बायतपनले अडी जाशी."

पोर मोठं झालं नाही. सपना इतकी लहान जन्मली, की धुळ्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. जगली बिचारी. गावातल्या बायका बघायला आल्या आणि "नशीब" म्हणून चहा पिऊन गेल्या. मी खुराड्यातून इतकी ओरडले, की भागाबाईनं मला चप्पल फेकून मारली.

पुढं रूपा पुन्हा गरोदर राहिली. तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, "अंगात रक्त कमी आहे. बाळाची वाढही मागे आहे. कारणं बरीच असू शकतात, पण आधी जेवण सुधारा. डाळ, पालेभाजी, अंडं घ्या. या लोहाच्या गोळ्याही घ्या." भागाबाईनं मान हलवली. नर्सबाई वळणावरून दिसेनाशा झाल्या, तशी गोळ्यांची पिशवी खुंटीला गेली. गोळ्यांनी पोर काळं होतं म्हणे! जेवण होतं तसंच राहिलं.

त्या दिवसांत मलाही दाणा कमी पडत होता. एका सकाळी मी अंडं घातलं, तर त्याला टरफलच नव्हतं. नुसती पातळ पिशवी, हात लावताच फुटली.

"हाई काय व्हयनं वं माय!" भागाबाईनं मला उचललं, माझी छाती चाचपली. मग आत गेली, जुनी टरफलं कुटून आणली, भिजवलेली बाजरी आणली आणि माझ्यापुढं ठेवली. "खाय, माय, खाय. तुन्हा पोटमा जाई तवयच अंडामा उतरी."

मी चोच उघडी टाकून तिच्याकडे बघतच राहिले.

रूपा ओट्यावर मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"आत्या, कोंबडीनं पोट तुमले समजस," ती म्हणाली. "मन्हं काबर समजस नही?"

"तू नि कोंबडी एक शे का? आम्ही बी असंच खादं. चार पोरं व्हयनात माले."

"चार माईन जगनात कितला?"

भागाबाईच्या चौघांपैकी जगलेला एकटा ज्ञानेश्वर दारात उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि उठून गोठ्यात गेली. बराच वेळ ती गव्हाणीपाशी पाठ करून बसली होती. मी तिथंच होते. तिचा पदर डोळ्यांना होता.

संध्याकाळी तिनं पहिलं ताट वाढलं. उडदाची डाळ, मेथीची भाजी, गरम भाकरी. ते रूपापुढं सरकवलं.

माणूस एका दिवसात सुधारला असता तर मला एवढं ओरडावं लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी अंडं पुन्हा ज्ञानेश्वरच्याच ताटात! सवयीचा हात. पण ज्ञानेश्वरनं या वेळी वाटी बाजूला केली. "माय, हाई तिले दे." आपल्यामागून कोण काय जेवतं हे त्यानं आजवर बघितलंच नव्हतं. गोळ्या रूपानं स्वतःच खुंटीवरून काढल्या. पोटात ढवळायचं, तरी घ्यायची. भागाबाई पुटपुटायची, पण आता अडवत नव्हती.

मुलगी झाली. फार गुबगुबीत नाही, पण रडली ती दणदणीत, आणि पेटीत न जाता आईच्या कुशीतच घरी आली. सपना मात्र अजून किरकोळ अंगाची आहे. तिचं मागं राहिलेलं कधी भरून निघेल, मला सांगता येत नाही. हा राग माझ्या पोटातून जात नाही.

मी आता थकले. अंडी जवळजवळ बंद झाली. परवा बारसं आहे, पाहुणे येणार आहेत, आणि ज्ञानेश्वर सकाळपासून माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतोय. मी काही दुधखुळी नाही. गावरान कोंबडीचा शेवट कशात होतो, हे मला माहीत आहे.

कापा बापडे. त्याची तक्रार नाही. पण रस्सा उकळला की पाहुण्यांच्या घोळक्यात विसरू नका. पहिली वाटी रूपाला द्या, मांसाचे तुकडे घालून. नुसतं पाणी नको. ती अजून अंगावर पाजतेय.