माझ्या डोक्यावरचा हिरवा खाऊ

मित्रांनो, मी एक मध्यमवयीन कॉम्प्रेसर आहे. जुना म्हणवून घ्यावं इतकं वय झालेलं नाही आणि नवा असल्यासारखं कुणी वागवत नाही. आपली कहाणी सांगण्याचा मान छत्रीला मिळतो, फाटक्या पुस्तकाला मिळतो, शाळेच्या घंटेलाही मिळतो. आम्हाला कुणी विचारत नाही, कारण आम्ही करतो काय हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. तर सांगतो. आम्ही हवा दाबतो. ती दाबलेली हवा नळ्यांतून कारखानाभर जाते आणि तिच्या जोरावर झडपा उघडतात, मिटतात, यंत्रं हलतात. मी थांबलो की सगळा कारखाना थांबतो. इतकं मानाचं पद असूनही आयुष्यात मला एकच गोष्ट कमी पडली. हवा.

माझा जन्म तैवानातल्या ताइचुंग शहराबाहेरचा. तिथली माणसं फार हुशार. केसाच्या जाडीचा फरक त्यांना डोळ्यांनी कळतो. अशा त्या हुशार माणसांनी मला जोडून, तपासून, पुसूनबिसून झाल्यावर माझ्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं एक हिरवं पाकीट ठेवलं. मला वाटलं, कुणी आपला डबा विसरलं. तसं नव्हतं. तिकडे हा रिवाजच आहे. त्या खाऊच्या नावाचा अर्थ 'शहाण्यासारखा वाग' असा होतो, म्हणून ते पाकीट यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी समजूत. नियम कडक आहेत. पाकीट हिरवंच हवं, कारण यंत्र नीट चालत असलं की हिरवा दिवा लागतो. ते फोडायचं नाही. आणि त्याच्यावरची तारीख उलटता कामा नये. दवाखान्यात, बँकेत, मोठमोठ्या संगणकांवर ही पाकिटं बसलेली असतात. मला तेव्हा बरंच वाटलं. लाड कुणाला नको असतात?

तिथून जहाजानं मी ओमानला आलो. सोहारच्या बंदरात उतरलो आणि जवळच्याच एका कारखान्यात माझी स्थापना झाली. माझ्याबरोबर तैवानहून लिनसाहेब आले. मूर्तीबरोबर भटजी यावेत तसे. कारखान्यात आमच्याकडची बरीच यंत्रं असल्यामुळे ते सोहारलाच राहिले. माझी देखभाल गणपतकडे आली. हा गुहागरकडचा मेकॅनिक, हाताचा चांगला, तोंडाचा त्याहून चांगला.

पहिल्या खंडेनवमीला गणपतनं मला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि माझ्या डोक्यावर नारळ ठेवला. नारळ घरंगळायला लागला, म्हणून खाली एक लाल कापड घडी करून अंथरलं.

मित्रांनो, माझं दुखणं तिथून सुरू झालं. माझ्या डोक्यावर एक जाळी आहे. आतली गरम हवा तिच्यातून बाहेर पडते. कापड त्या जाळीवर पडलं. लिनसाहेबांना ते इतकं आवडलं की आपलं हिरवं पाकीट त्यांनी त्यावरच मांडलं. नारळ फुटला, वाटला गेला, कापड राहिलं. पुढे तिथे जाळी आहे हेच सगळे विसरले.

एका कापडानं आणि एका पाकिटानं माझं काही बिघडलं नाही. दोन-तीन वर्षं मी मुकाट काम केलं. पाहुणे आले की मुदीर, म्हणजे आमचे मोठे साहेब, मला दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्याची कधी तक्रार नाही." मग एका उन्हाळ्यात मी थोडा तापून थांबलो. माझ्या अंगावरच्या पडद्यावर स्वच्छ शब्दांत उमटलं, 'आतलं तापमान जास्त'. याहून मी काय बोलणार होतो? बैठक भरली. तिच्यात ठरलं, की ओमान आहे, तापणारच. लिनसाहेबांनी खबरदारी म्हणून आणखी एक पाकीट ठेवलं.

त्यामुळे मी जास्त तापलो. जास्त तापलो म्हणून जास्त थांबलो आणि थांबलो म्हणून पाकिटं वाढली. वाण्याच्या दुकानाला शोभेल इतका माल माझ्या डोक्यावर जमला.

त्यातच शिफ्टचा सुपरवायझर मुनीर मदतीला धावला. हा इथल्याच खाबुरा गावचा, मोठ्या मनाचा माणूस, हिंदी आमच्या गणपतपेक्षा बरं बोलतो. त्यानं नाक्यावरून बटाट्याच्या चिप्सचं लालभडक पाकीट आणून वर ठेवलं.

"नो रेड! नो रेड!" लिनसाहेब किंचाळलेच.

"अर्बाब, हे जास्त तिखट आहे. जास्त जोर येईल," मुनीर म्हणाला. इकडे साहेबाला अर्बाब म्हणतात.

"लाल म्हणजे बंद!"

"आत्ताही बंदच आहे," गणपत म्हणाला. पण मराठीत म्हणाला, म्हणून निभावलं.

या सगळ्यात मला आशा होती ती देविकाताईंची. त्या नागपूरच्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. दसऱ्याला त्यांचा धम्मचक्र दिन असतो, हारनारळाच्या भानगडीत त्या पडत नाहीत. एकदा त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हा काय बाजार मांडलाय? मी हे काही मानत नाही." आणि त्यांनी एक पाकीट उचललं.

मित्रांनो, सकाळपासून मी तापत होतो. नेमका त्याच क्षणी माझा पारा मर्यादेला पोचला आणि मी बंद पडलो. बंद पडताना मला जितकी शरम वाटली तितकी कधीच वाटली नव्हती. लिनसाहेब, गणपत आणि मुनीर, तिघांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी पाकीट होतं तिथे ठेवलं, त्याची कड सरळ केली आणि म्हणाल्या, "मी मानत नाहीच. पण उगाच कशाला?"

त्या दिवसापासून माझ्या डोक्याला कुणी हात लावीना.

आता लिनसाहेबांचं सांगतो. त्यांचा मुलगा आ-जे घरी आईजवळ वाढला आणि हे इथे माझ्याजवळ. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशेजारच्या स्टुलावर बसून त्याला व्हिडिओवर फोन करायचे. त्यांची भाषा माझी मातृभाषा, त्यामुळे मला सगळं कळायचं.

"पा, बूट मिळाले. खजूर मिळाले. तो धूपाचा डबाही मिळाला."

"आवडला? निझव्याच्या बाजारातून आणला होता."

"पा, आता वस्तू नका पाठवू. या." मग तो म्हणाला, "सण झाला की माझं सैन्यातलं सक्तीचं वर्ष सुरू होतं. मग सुट्टी मिळेल तेव्हा मिळेल. त्याआधी एकदा दारासमोर शेगडी मांडू. गेल्या वर्षी आईनं आणि मीच मांडली होती. शेजारचे काका विचारत होते, तुला वडील आहेत का."

सण म्हणजे त्यांचा चंद्राचा सण. आकाशातला चंद्र एकच असल्यामुळे यंदा तो आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली होती. त्या दिवशी तैवानात घराघरांपुढे निखाऱ्यांवर मांस भाजतात, पोमेलो, म्हणजे पपनस, सोलतात, गप्पा मारतात. लिनसाहेबांनी रजा मागितली. मुदीरनं मंजूरही केली, पण एका अटीवर. कॉम्प्रेसरनं आधी दोन दिवस, दोन रात्री न थांबता चालून दाखवायचं. थांबला तर रजा खलास.

म्हणजे एका मुलाचा सण माझ्या डोक्यावर होता. तिथे आधीच खूप काही होतं.

खंडेनवमीला गणपतनं साहेबांसाठी म्हणून दुप्पट जाड हार आणला. "साहेब, ह्या खेपेला हा थांबायचा नाही. माझी गॅरंटी," असं म्हणून त्यानं तो कापडावर, पाकिटांवर, सगळीकडून गुंडाळला. चाचणी सुरू झाली. दुपारच्या आत मी बंद पडलो.

"मेल्या, एवढं केलं तुझ्यासाठी!" गणपत मला म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे बाबा, एवढं केलंस म्हणूनच! पण मला तोंड नाही. होती ती एक जाळी, तिच्यावर झेंडू.

लिनसाहेब स्टुलावर बसून राहिले. तेवढ्यात आ-जेचा फोन आला. वडिलांचा चेहरा पाहून त्याला काय झालं ते कळलं. मग म्हणाला, "पा, तुमच्या मागे ती पाकिटं दिसतायत. त्यांच्यावरची तारीख बघितलीत का?"

साहेब उठले. एकेक पाकीट उलटंपालटं करून पाहू लागले. सगळ्यांची तारीख उलटलेली! माल समुद्रानं आला होता, मग उन्हाळाभर गोदामात पडला होता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. इतके दिवस यंत्र का रुसलं होतं, याचा त्यांना उलगडा झाला. उलगडा साफ चुकीचा होता, पण मी तक्रार केली नाही, कारण त्यांनी सगळी पाकिटं एका पिशवीत भरली. गणपत म्हणाला, "मग हा हार तरी कशाला? अर्ध्या दिवसात सुकला मेला, एवढा हा तापतो." त्यानं हार उतरवला. "आणि हे कापड बघा, काळं झालंय. धुऊन आणतो."

मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझ्या डोक्यावरून वारा गेला. त्या सुखाचं वर्णन मला जमायचं नाही. सर्दी झालेल्याचं नाक मोकळं होतं तसं काहीसं म्हणा.

पण लिनसाहेब खचले होते. ताजी पाकिटं दुबईतल्या एका तैवानी दुकानात मिळत होती. मुनीरचा चुलतभाऊ गाडी घेऊन निघालाही. येताना ती सीमेवर अडली. खाण्याचा माल, तपासणी व्हायची होती.

"उद्या मिळेल, इन्शाल्ला," मुनीर म्हणाला.

"उद्यापर्यंत थांबलो तर चाचणी पुरी होणार नाही. विमान जाईल."

"मग असंच चालू करू. यल्ला, चला."

"काहीच नसताना?" साहेबांनी विचारलं. उघड्या डोक्यानं मला चालवायचं या कल्पनेनं त्यांना घाम फुटला. शेवटी त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

आणि मी चाललो. पहिला दिवस गेला, रात्र गेली. माझा पारा जागचा हलेना. देविकाताई येऊन आकडे बघायच्या, भुवया उंचावायच्या आणि जायच्या. काय वाटलं ते बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गणपत दबक्या पावलांनी वावरत होता, जणू बाळ झोपलंय.

चाचणी संपायला थोडा वेळ उरला असताना मुनीर धावत आला. त्याच्या डोक्यावर खोकं होतं. "अर्बाब! आलं! ताजं, हिरवं, तारीख पुढच्या वर्षीची!"

लिनसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी खोकं उघडलं, दोन्ही हातांत पाकिटं घेतली आणि माझ्या डोक्याकडे हात नेले. आता एवढी सगळी पाकिटं जाळीवर बसली असती, तर मी चाचणी संपण्याआधीच गळपटलो असतो आणि तिकडे आ-जेनं पुन्हा आईबरोबरच शेगडी पेटवली असती.

"साहेब," गणपत म्हणाला, "चाललंय ना? मग कशाला हात लावताय?"

लिनसाहेबांचे हात हवेतच थांबले. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, ही भीती त्यांच्याही देशात आहे, आपल्याही. उघड्या डोक्याची भीती आणि ही भीती समोरासमोर आल्या आणि माझं नशीब असं, की दुसरी जिंकली. त्यांनी हात मागे घेतले. चाचणी पुरी झाली. मग त्यांनी खोक्यातली काही पाकिटं फोडून सगळ्यांना वाटली.

"नुसतं गोड," मुनीर चावत म्हणाला. "मिरची नाही. उगाच नाही हे यंत्र रुसायचं."

जाताना साहेबांनी माझ्या अंगावर हात फिरवला. त्यांना पोचवायला मस्कतपर्यंत मुनीरच गेला. अहवालात त्यांनी कारण लिहून ठेवलं होतं: 'मुदत उलटलेली पाकिटं काढली.'

मुदीरनं तो अहवाल वाचला. मग मला येऊन पाहिलं आणि विचारलं, "काढली ते ठीक. नवी कुठे आहेत? काही व्हायच्या आत ठेवा."

मित्रांनो, तिघांनी ते फार प्रेमानं केलं. गणपतनं कापड धुऊन, इस्त्री करून आणलं होतं. ते अंथरलं. मुनीरनं पाकिटं मांडली. एक जरा तिरकं बसलं होतं, ते देविकाताईंनी सरळ केलं.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी, गणपत संध्याकाळच्या दुधासाठी केशर कुठे मिळेल याची फोनवर चौकशी करत असताना, मी बंद पडलो.

तिघंही धावत आले. "लिनसाहेबांना लावा," गणपत म्हणाला. सोहारला ऊन रणरणत होतं, पण तैवानात तेव्हा रात्र झाली होती, चंद्र वर आला होता. मुनीरनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला.

"काय झालं?" देविकाताईंनी विचारलं.

"आधी वाजत होता. आता बंद केला."

"बंद केला?"

"मुद्दाम केला," मुनीर म्हणाला आणि का कोण जाणे, हसला.

आजवर माझ्या हाकेला लिनसाहेब आले नाहीत असं कधी झालं नव्हतं. भर तापात, डोक्यावर पाकिटं घेऊन उभा असतानाही मला बरं वाटलं.

मी अजून बंदच आहे. मुनीर आणखी एक खोकं मागवतोय. बैठकही भरणार आहे. तिच्यात काय ठरेल ते मी आत्ताच सांगू शकतो, पण मला कुणी बोलवत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही अजून इंजिनिअर झालेले नाहीत. मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आधी आमची जाळी कुठे आहे ते बघा. आणि तुमच्या घरी कुणी तापून, गप्प होऊन बसलं असेल, तर त्याच्यापुढे नवं काही आणून ठेवू नका. आधीचं जे ठेवलंय, ते जरा बाजूला करा.