देश नसलेलं नाणं

मित्रांनो, मी एक जुना हिशेबनीस आहे, पण मला ना हात आहेत ना चष्मा. घरखर्चाचा हिशेब ठेवणारा मी एक प्रोग्रॅम. एका करड्या लॅपटॉपमध्ये माझा मुक्काम असतो. त्याची तुटलेली बिजागरी तारेने बांधलेली आहे.

मला घडवणारा माणूस दूर थंड मुलखात राहायचा. त्याने जगातल्या देशांची यादी समोर घेतली आणि प्रत्येक देशाचं नाणं माझ्या पोटात घातलं. युरो, लिरा, लेव, दिनार. युरो आल्यावर मेलेली ग्रीसची जुनी द्राख्मासुद्धा घातली. मग मला एक सवय लावली. कुठलाही आकडा आला की आधी विचारायचं, ‘तू कुठल्या देशाचा?’ उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. पहारेकऱ्याचा संशयी स्वभाव मला असा जन्मापासूनच मिळाला.

पुढे मी ग्रीसमधल्या कावाला गावी फोतिसच्या घरी आलो आणि मला माझ्याहून संशयी माणूस भेटला. फोतिस गोदीत वेल्डर होता. मासळी घेताना कोळ्याचं बोट तराजूवर नाही ना, हे तो वाकून बघायचा. रोज संध्याकाळी सगळ्या पावत्या माझ्यासमोर मांडायचा. “या घरात खोटं न बोलणारा हा एकटाच!” असं बायकोला ऐकवायचा.

“मग उद्या त्यालाच मसूर शिजवायला सांग,” आर्गिरो म्हणायची.

माझे ते दिवस मानाचे होते.

मग एकदा फोतिस परांचीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा आखडला. चमचा तोंडाशी न्यायलाही डावा हात लागे. त्यातच गोदी बंद पडली. उपचारांची फी परवडणारी नव्हती. “फुकटचे उपकार मला नकोत. त्यापेक्षा खांदा कापून टाका,” असं त्याने बजावून ठेवलं होतं. तरी एके दिवशी पोलिक्सेनी नावाची फिजिओथेरपिस्ट दारात उभी राहिली.

“विम्यातून पाठवलंय,” आर्गिरो म्हणाली. फोतिसने विम्याला चार शिव्या दिल्या आणि सदरा काढला.

त्याच सुमारास गावात कोहिली आली. पैसे कुणाकडेच नव्हते, पण हात सगळ्यांकडे होते. म्हणून लोकांनी आपसांतलं एक नाणं ठरवलं. कोहिली म्हणजे शिंपला, पण हातात शिंपलाही यायचा नाही. नुसता फोनवरचा आकडा. कुणी तुमचा नळ दुरुस्त केला की त्याच्या नावावर कोहिल्या चढायच्या, तुमच्या नावावरून उतरायच्या. आर्गिरो मुलांना अकॉर्डियन शिकवायची आणि अंडी, साबण घेऊन यायची. पावती नसलेली अंडी फोतिसच्या घशाखाली उतरेनात.

“हे पैसे नाहीत, फोती. तुझ्या त्या डब्यात घालू नकोस हं.”

“पैसे नाहीत, मग अंडी कशी आली? कोंबडी काय तुझी भाची लागते?”

त्या उन्हाळ्यात बँकांना कुलपं लागली. एटीएममधून दिवसाला साठच युरो निघायचे, तेही तासभर रांगेत उभं राहून. फोतिस आणखीच धुमसू लागला. एका सकाळी आर्गिरो गच्चीत कपडे वाळत घालत होती. त्याने तिचा फोन उचलला. तिच्या कोहिल्यांपुढे वजाचं चिन्ह होतं. उणे चारशे! आणि त्यातल्या बहुतेक एकाच सभासदाला गेलेल्या. नाव नव्हतं, फक्त नंबर होता. एकतीस.

तो तडक माझ्याकडे आला. मी सवयीने विचारलं, कुठल्या देशाचं नाणं? माझ्या यादीत कोहिली नव्हती. त्याने यादी वर-खाली केली आणि शेवटी युरो निवडला. मी ते मान्य केलं. क्षणात घराची शिल्लक लाल झाली. चारशे युरोंचं कर्ज, आणि बायकोने ते लपवलेलं!

विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण त्याने विचारलं नाही. तो पाळत ठेवू लागला. ती फोनवर हसली की घड्याळ बघायचा. अकॉर्डियनच्या पेटीचं अस्तरसुद्धा त्याने चाचपून पाहिलं. साबण करणाऱ्या अखिलेअसचा साबण आपल्या घरात जरा जास्तच येतो, असं त्याला वाटू लागलं. कोहिल्यांची व्यवस्था हाच अखिलेअस बघायचा.

शनिवारच्या बाजारात फोतिस मला काखेत मारून गेला आणि त्याने मला अखिलेअसच्या साबणांच्या वड्यांमध्ये धाडकन ठेवलं.

“अखिलेआ, एकतीस नंबर कोण? तूच ना?”

“मी दोन नंबर. का रे बाबा?”

“माझ्या बायकोने कुणाला चारशे युरो दिलेत, ते मला सगळ्यांदेखत ऐकायचंय!” फोतिसने उजवा हात उगारला.

आर्गिरो पलीकडे शिकवणीच्या पोरांना घेऊन बसली होती. ती पुढे आली. “तू माझा फोन उघडलास?” ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात शेजारी टोमॅटो निवडणारी पोलिक्सेनी ओरडली, “एकतीस मी आहे! आणि हात खाली घेऊ नकोस, फोती. तसाच धर. अगं आर्गिरो, बघ, कानाच्या वर गेलाय!”

फोतिसने वर पाहिलं. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो बघत राहिला.

“मग विमा?” त्याने हळूच विचारलं.

“कुठला विमा?” आर्गिरो म्हणाली. “तो गोदीबरोबर बुडाला. खांदा कापा म्हणालास. मला नवरा अख्खा हवा होता. आता वाटतं, जीभ तेवढी कापून घ्यायला हवी होती.”

“पण हे कर्ज...”

“एकट्या कुणाचं नाही रे,” अखिलेअस म्हणाला. “ती गावाचं देणं लागते. शिकवून फेडेल. नाहीतर तू फेड. शाळेचं फाटक कधीचं मोडून पडलंय.”

त्या संध्याकाळी आर्गिरो बहिणीकडे झान्थीला निघून गेली.

मित्रांनो, मग मला कुणी उघडलं नाही. माझ्यावर धूळ साचली. झाकणाआडून मी ऐकत असे. फोतिस सकाळी वेल्डिंगचं यंत्र घेऊन बाहेर पडायचा. त्याने फाटक सांधलं, मग कुणाकुणाचे कठडे सांधले. दोनदा तो बसने झान्थीला गेला. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं. हिवाळ्याच्या तोंडावर, ऑलिव्ह झोडायच्या दिवसांत ती परतली.

मग त्याने मला पुसलं आणि ती चारशे युरोंची ओळ खोडली. यादीत नसलेलं नाव लिहायची एक जागा माझ्यात होती, पण तिथे कधी कुणी फिरकलं नव्हतं. ती शोधून त्याने लिहिलं, ‘कोहिली’. मी लगेच विचारलं, एक कोहिली म्हणजे किती युरो?

“आर्गिरो, हा भाव विचारतोय. काय लिहू?”

ती हात पुसत आली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली. “काही लिहू नकोस. विचारू दे त्याला.”

त्याने ती जागा कोरी सोडली. मला चैन पडली नाही, पण मी अडलोही नाही. आता दोन्ही शिल्लका शेजारीशेजारी असतात आणि मी त्यांची बेरीज करत नाही.

मित्रांनो, मी पडलो यंत्र. दिलेलं उत्तर खोटं असलं तरी मला कळत नाही. तुमचं तसं नाही. घरच्या माणसाची एखादी गोष्ट आपल्या यादीत बसली नाही, तर तिला ओळखीचं नाव चिकटवून मोकळे होऊ नका. आधी त्या माणसाला विचारा. फाटक सांधायला फोतिसला आठवडा पुरला. आर्गिरो मात्र अजून फोन टेबलावर उपडा ठेवते. फोतिस त्याला हात लावत नाही. तो कधी सुलटा ठेवला जाईल, याची आम्ही दोघं वाट बघतो आहोत.