दोनदा पुरलेली वार

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी वार आहे. लाखनीजवळच्या एका खेड्यात, धनीरामच्या घरामागच्या सांदवाडीत पुरलेली. तुमच्यातल्या प्रत्येकाची एक वार होती, तरी शाळेत कोणी तिच्यावर निबंध लिहायला सांगत नाही. फाटक्या छत्रीवर मात्र सांगतात.

धनीरामची बायको पंचफुला, तिच्या पोटात मी आणि तिची लेक एकाच बीजातून वाढलो. ती पाण्यात तरंगायची, मी पिशवीच्या भिंतीला चिकटून राबायचे. आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू घ्यायचा, नाळेतून लेकीला पोचवायचा, तिची घाण आईकडे परत धाडायची. दोघींचं रक्त माझ्यात शेजारून वाहायचं, पण मिसळायचं नाही. पंचफुला चिखलात वाकून धानाचा रोवणा करायची, तेव्हाही मला सुट्टी नव्हती. माझ्या काही बहिणी खाली, बाळाच्या वाटेवरच बसतात, काही वेळेआधीच सुटतात. मग रक्त जातं, बाळ गुदमरतं. माझी जागा चांगली होती. घात शेवटी झाला.

१९७८ साली, धानाची कापणी चालू असताना, सकाळीच लेक जन्मली. बाळामागून अर्ध्या तासात वारेने आपोआप सुटावं. मला उशीर होत होता. रंभाबाई सुईणीचा धीर सुटला आणि तिने नाळ ओढली. मी आले, पण फाटून आले. विड्याच्या पानाएवढा तुकडा आतच राहिला.

कोणी पाहिलंच नाही. वारेकडे पाहू नये, झटकन पुरावी, कुत्र्याने नेली किंवा कोणाची नजर पडली तर लेकरू दगावतं, अशी आमच्याकडची रीत. सासू शकुनबाईने मला मडक्यात घालून पुरलं, वर दगड ठेवला.

घरात पंचफुलाचं रक्त थांबेना. तुकडा आत असला की पिशवी आवळत नाही, आणि पिशवी आवळली नाही तर रक्त थांबत नाही. बाया म्हणत होत्या, "जाऊ दे, खराब रक्त हाय." खराब! बाई पांढरी पडत होती, आणि म्हणे खराब!

धनीरामने सायकल पिटाळली आणि नर्स सुलोचनाबाईंना घेऊन आला. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं आणि विचारलं,

"वार कुठी हाय?"

"गाडली," शकुनबाई म्हणाली.

"काढा."

रंभाबाई उसळली. "गाडलेली वार कोणी काढते का वं माय? लेकरू जगन का?"

"आन् माय मेली तर लेकराले कोण पाजन? तू?"

कोणी हलेना. धनीराम तर खांबासारखा उभा, कारण वारेला पुरुषाने हात लावू नये. पुरुषांनी सोय बरी करून ठेवली आहे! शेवटी शकुनबाईच उठली.

"माही सून जाऊन राहिली, अन् मी नजर कायले पाहू?" म्हणत तिने कुदळ घेतली.

सुलोचनाबाईंनी मला पाण्यात धुतलं, परातीत पसरलं, पलटवलं. मित्रांनो, पहिल्यांदाच कोणी मला नीट पाहत होतं. त्यांचं बोट फिरत फिरत एका खाचेवर थांबलं.

"हे पाह्य, रंभाबाई. इथचा तुकडा आत राह्यला."

रंभाबाई वाकली. तिने पाहिलं.

मग कोणी थांबलं नाही. हायवेवर तांदळाचा ट्रक अडवला. ड्रायव्हरने पोती सरकवून जागा केली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुकडा काढला, रक्त चढवलं. नवव्या दिवशी पंचफुला लेकीला घेऊन घरी आली.

मला शकुनबाईने त्याच खड्ड्यात पुन्हा पुरलं होतं, या वेळी हात जोडून. त्या म्हातारीचे, नर्सबाईचे, नाव ठाऊक नसलेल्या त्या ड्रायव्हरचे माझ्यावर उपकार आहेत. नाहीतर जिला नऊ महिने जपलं, तिच्या आईचा जीव घेणारी म्हणून मी इथे पडून राहिले असते.

आता १९८६ साल चालू आहे, माझी माती झाली आहे. माझ्यावर वांग्याची झाडं आहेत. आठ वर्षांची ती लेक त्यांना पाणी घालते आणि मला ओळखत नाही. चालायचंच. पण परवा शेजारच्या घरी बाळंतपण झालं आणि कुंपणापलीकडून रंभाबाईचा खणखणीत आवाज आला, "मडकं ठेवा तिकडं! आधी परात आना. मले वार पाहू द्या."

मित्रांनो, मला एवढंच हवं होतं. जमेल तिने दवाखाना गाठावा. नाळ ओढू नये. आणि मला पुरा, खुशाल पुरा. पण आधी पाहा.