लुआनकाकांची शेवटची घंटा

कन्फ्यूशियसच्या देवळात शरद ऋतूत मोठी पूजा होते, तेव्हा आम्ही शंभरेक जण वाजवतो. कुणी काशाच्या घंटा, कुणी टांगलेले दगड, कुणी नगारे. मी बासरी वाजवते. संगीत थांबवायचं काम लाकडी वाघाचं. त्याच्या डोक्यावर चिरलेल्या बांबूनं तीनदा मारायचं, मग पाठीवरच्या दात्यांवरून तो खर्रकन ओढायचा. त्या वर्षी हा वाघ सुचिनताईंकडे आला. त्या बालवाडीतून निवृत्त झालेल्या.

तालमीत ताईंनी वाघ खरवडला. सगळे थांबले, पण लुआनकाकांची घंटा आणखी एकदा घणाणली.

"काका, वाघाचंही ऐकत नाही होय?" मी म्हटलं.

"म्हातारपणी वाघाला काय भ्यायचं?" काका म्हणाले. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. संचालक चू भडकले. "पूजेत असं झालं तर घंटेवर दुसरा माणूस बसवीन!"

ताईंना राग नव्हता, नवल वाटत होतं. एवढा जुना वादक रोज त्याच जागी कसा चुकतो? चहाच्या वेळी त्यांनी काकांच्या पाठीमागे वाघ खरवडला. काका निवांत चहा पीत राहिले. मग ताईंनी नगाऱ्यावर थाप मारली. काका गर्रकन वळले.

"बारीक आवाज येत नाही ना तुम्हाला?"

"हळू बोल, बाई!" काका इकडेतिकडे बघत म्हणाले आणि स्वतःच हसले. "म्हणजे बोल जोरात, पण इथं नको."

"मग वाजवता कसे?"

"नगारा पायातून चढतो, त्यावर चालतं. तुझा वाघ मात्र कुठूनच येत नाही."

ताईंनी वाघाखालची गादी काढून पाहिली. मग मला हाताशी घेऊन वाघ उचलून काका उभे होते त्या लाकडी मचाणावर ठेवला आणि डोक्यावर बांबू हाणला. काकांनी आपल्या पातळ कापडी बुटांकडे पाहिलं.

"आला!"

पूजेच्या सकाळी बांबू तीनदा पडला, मग खर्र झालं. काकांची मोगरी हवेतच थांबली. अंगणात इतकी शांतता, की सुरूच्या झाडावरच्या पक्ष्याची फडफड ऐकू आली.

पोशाख उतरवताना काका स्वतःच चूंकडे गेले आणि कानांचं सांगून टाकलं.

"मला वाटलं, माझ्यावर रुसलात," चू म्हणाले. मग त्यांनी खडू मागवला आणि मचाणावर वाघाच्या चारी पायांभोवती स्वतः खुणा केल्या.