दुसऱ्या सुधारणेवरचा शिक्का

मंगळवारी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी टाकी फुटली.

स्फोट वगैरे झाला नाही. पाण्याने भरलेली छत्तीस टनांची टाकी, तिच्या पोलादी चौकटीसकट, रुळांवरच्या वाघिणीला जखडलेली होती. चाचणीसाठी उतारावरून सोडलेली दुसरी वाघीण तिसऱ्यांदा येऊन धडकली आणि टाकीच्या मागच्या टोकाला दोऱ्याएवढी पाण्याची धार लागली. धक्का नियमात सांगितला आहे तेवढाच बसला होता, वजनाच्या चौपटीहून किंचित जास्त. तपासणी संस्थेचे अधिकारी यान गुडघ्यांवर बसले, फडक्याने पत्रा पुसला, भेगेच्या दोन्ही टोकांना खडूच्या खुणा केल्या आणि पट्टी लावली. अकरा सेंटीमीटर.

टाकीचा आराखडा करणारी मियाओ चिंगयी चार पावलांवर उभी होती. तिने भेगेची लांबी पाहिलीच नाही, तिची नजर जागेवर गेली. टाकीच्या टोकाला पातेल्याच्या बुडासारखी फुगीर डिश असते. त्या डिशवर एक गोल कडं वेल्ड करतात आणि कडं चौकटीत बसवतात. धक्क्याचा सगळा भार या कड्यातून जातो. चिंगयीचं कडं डिशच्या मधल्या, सपाटीकडे झुकलेल्या भागावर होतं. समोरचं कडं त्याच्या तेरा सेंटीमीटर बाहेर, डिश जिथे कडेला वळते नेमकं तिथे होतं. त्या वळणावर आधीच आतल्या दाबाचा ताण असतो. तिथे काही वेल्ड करायचं नाही, हे तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं तिच्या गुरूंनी, थाओ शिफूंनी.

तिने आराखडा मागितला. यानांनी फाइल पुढे केली. दुसरी सुधारणा, कड्याचा व्यास १९८ ऐवजी २२४ सेंटीमीटर. तपासणीच्या चौकटीत थाओ पिंगशेंग यांची सही, आराखडाकाराच्या चौकटीत चिंगयीचा लाल शिक्का. तारीख चार एप्रिल.

चार एप्रिलला छिंगमिंग होतं, पितरांची थडगी झाडायचा दिवस. त्या दिवशी ती कारखान्यापासून दोनशे किलोमीटरवर, गावी, वडिलांचं थडगं झाडत होती. निघताना शिफूंनी तिच्या हातात नैवेद्याच्या, तांदळाच्या हिरव्या गोड गोळ्यांचा डबा दिला होता. म्हणाले होते, "वडिलांना माझ्याकडूनही ठेव."

तिचा शिक्का शिफूंच्या टेबलाच्या खणात असे. तो तिथे कसा, हे नानथोंगच्या त्या कारखान्यात कुणी विचारणार नाही. आराखडा विभागात नवा माणूस आला की तो एका शिफूचा शिष्य होतो. दोन्ही हातांनी चहा देतो आणि चहासोबत आपला शिक्काही. पहिली तीन वर्षं शिष्याच्या कागदावर शिफूच शिक्का मारतो, म्हणजे चूक बाहेर जात नाही. तीन वर्षांनी शिक्का परत मागायचा असतो. चिंगयीने मागितला नाही. शिफूंच्या हाताखाली तिला अकरा वर्षं झाली होती आणि परवाना मिळूनही आठ. या आठ वर्षांत तिने कितीदा तरी कागद त्यांच्या टेबलावर ठेवून म्हटलं होतं, "शिफू, बघा आणि तुम्हीच मारा." आपला विश्वास दाखवायची ती तिची रीत होती. इतर शिष्य शिक्का मागून घेत, तेव्हा तिला ते जरा उद्धटपणाचं वाटे.

बुधवारी सकाळी कारखान्यात परतल्यावर ती आधी स्टोअरमध्ये गेली. स्टोअर सांभाळणारे फान वयाने मोठे, पण तिला ताई म्हणत. २२४ची कडी कुठून आली, हे तिने विचारलं.

"जुनी गॅसची ऑर्डर रद्द झाली होती ना, तिची," फान म्हणाले. "सव्वीस नग. चार वर्षं पडून होती. मार्चअखेरीस तुमचे शिफू स्वतः आले, कड्यांवरची धूळ झटकली. तेव्हाच मी म्हटलं, चला, या म्हाताऱ्या नवऱ्यांना आता कुठली तरी पोरगी मिळणार."

ती हसली नाही. गॅसची ती टाकी जाड पत्र्याची होती, तिच्या डिशचा आकार वेगळा होता. तिला ते कडं चाललं असतं. ती कडी वेळेत वापरून टाका असा वरून निरोप होता, एवढं त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि पुन्हा नोंदवहीत डोकं घातलं.

साडेदहाला कारखान्याचे प्रमुख रुआन यांच्या खोलीत बैठक झाली. रुआन यांनी विचारलं, व्यास कुणी बदलला. थाओ काचेच्या बाटलीतला चहा फुंकत बसले होते. परवाना मिळालेल्या शिष्यांच्या कामात आपण ढवळाढवळ करत नाही, असं ते म्हणाले. आपण फक्त मापं जुळतात का ते तपासलं. ताणाचं गणित आराखडाकाराचं. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही, नेहमीच्याच मायेने. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

रुआन यांनी एक टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. व्यास बदलण्याचा निर्णय आपला होता आणि गणित नव्याने केलं नाही, असं त्यात तिच्या नावाने लिहिलं होतं. शुक्रवारी पाचच्या आत सही हवी होती. सही केली तर दाबाच्या टाक्या आखण्याचा तिचा परवाना तीन वर्षं जाणार होता आणि हे नाव पुन्हा कुठल्या तपासणी संस्थेसमोर न्यायची सोय राहणार नव्हती.

जिन्यात तिने शिफूंना गाठलं.

"शिक्का तुम्ही मारलात?"

"हळू बोल."

"शिफू, मी थडग्यापाशी होते. तुमचाच डबा उघडत होते."

थाओंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तू एकोणचाळीसची. तीन वर्षं जातील, परत मिळेल. माझं नाव गेलं तर माझ्याकडे शिकलेल्या सगळ्यांचं जाईल. तुझंही."

"तुम्ही मला न विचारता मारलात."

"तू मला कधी विचारायला लावलंस?" ते म्हणाले. "शिक्का दिलास तो मारायलाच ना?"

ते जिना उतरून गेले. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. शिक्का आपण मारला नाही असं तिने म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग आधीच्या आठ वर्षांत कोण मारत होतं? तिच्या नावावर टाक्यांचे आधीचे सहा नमुने होते. त्यातल्या शेकडो टाक्या या घडीला जहाजांवर होत्या, कुणात आम्ल, कुणात दारू. प्रत्येकीचा कागद संशयात आला असता आणि परवाना तिचाच गेला असता, तोही कायमचा. फक्त या वेळी थाओंचाही गेला असता.

गुरुवारी तिने दिवसभर जुनी गणितं काढली. सहा नमुन्यांची मूळ गणितं तिच्याच अक्षरात होती आणि तिने ती पुन्हा केली. पाच जुळली. सहाव्यात एक आधारपट्टी तिच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर पातळ होती. शिक्का तिचाच होता. कागद तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता. ती पट्टी चालते की नाही, हे तिने दुपारी तीनपासून सहापर्यंत तपासलं. चालत होती, जेमतेम. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, ताई, जेवलात का. तिने हो म्हटलं. डबा तसाच होता.

शुक्रवारी दुपारी यानांचा फोन आला. त्यांना एवढंच विचारायचं होतं की शिक्का तिचाच आहे ना.

"माझाच आहे," ती म्हणाली.

"आणि मारला कुणी?"

समोर थाओंचं टेबल होतं. ते जेवायला गेले होते. खण नेहमीप्रमाणे बिनकुलपाचा होता. तिने यानांना विचारलं की त्यांचं कार्यालय किती वाजेपर्यंत उघडं असतं. सहापर्यंत, ते म्हणाले.

पाच वाजता रुआन यांनी कागद मागवला. तो चिंगयीच्या टेबलावर होता, सहीची जागा रिकामी. थाओंच्या खणात शिष्यांचे पाच शिक्के असत. त्या संध्याकाळी चार होते, तिचा नव्हता. फाटकाच्या नोंदवहीत बाहेर जाणाऱ्यांत तिचं नाव तीन पंचवीसला आहे, पुढे लिहिलं आहे: सोबत आराखड्यांच्या गुंडाळ्या सात. यानांचं कार्यालय नदीपलीकडे आहे. पुलावर त्या वेळी वाहनांची रांग होती. सहा वाजेपर्यंत तिचा फोन बंद होता आणि ती तिथे पोचली की नाही, हे कारखान्यात कुणाला कळलेलं नव्हतं.